मुंबई पदवीधर मतदारसंघ: नोंदणीला दोन गुण, मतदानाला पाच

मिक्सरचा, हॉटेलचा, क्लासचा अनुभव लोक लिहितात आणि मी तो वाचूनच ठरवते. म्हणून आज मीही एका सेवेचा अनुभव लिहिते आहे. ही सेवा सहा वर्षांतून एकदाच लागते, आणि लागते तेव्हा नीट माहिती सांगणारं माणूस जवळपास सापडत नाही. सेवा म्हणजे मुंबई पदवीधर मतदारसंघाच्या यादीत नाव नोंदवणं आणि त्या निवडणुकीत मत देणं. २०१८ मध्ये माझं नाव यादीत आलंच नाही. २०२४ मध्ये आलं आणि मी मत दिलं. दोन्ही खेपांचं मिळून सांगायचं तर मतदानाच्या दिवसाला पाचपैकी पाच, नोंदणीला दोन. त्या दोनातला एक गुण तिसऱ्या फेरीला भेटलेल्या एका शिक्षिका बाईंचा आहे.

मी लालबागची. वडील गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. त्यानंतर वडील गिरणीत परत गेले नाहीत, पुढची सगळी वर्षं त्यांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी केली. मी कीर्ती कॉलेजातून २००१ ला बी.कॉम. झाले. आमच्या घरात आणि राधानगरीकडच्या भावकीतही मी पहिली पदवीधर मुलगी. पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं त्या आठवड्यात वडिलांनी ते काचेच्या फ्रेममध्ये घालून आणलं आणि देव्हाऱ्याच्या वर टांगलं. आज ते नाहीत, फ्रेम आईच्या घरी तिथेच आहे. पदवीधरांच्या मतदारसंघात माझं मत असणं ही माझ्यासाठी हौसेची गोष्ट नव्हती, एवढं यावरून लक्षात यावं.

ज्यांना हा मतदारसंघ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या राज्यात विधानसभेखेरीज विधान परिषद आहे, म्हणजे वरचं सभागृह. तिथे ७८ सदस्य असतात. त्यातले ३० आमदार निवडून देतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात, १२ राज्यपाल नेमतात. उरलेल्या १४ पैकी सात जागा पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या. संविधानाच्या कलम १७१ मध्ये या दोघांसाठी एक-द्वादशांश, एक-द्वादशांश असं प्रमाण ठरवलेलं आहे. सदस्याची मुदत सहा वर्षं. मुंबई शहर आणि उपनगर, दोन्ही जिल्हे मिळून पदवीधरांची जागा एकच. विधानसभेला याच मुंबईचे ३६ भाग पडतात, लोकसभेला सहा. इथे कुलाब्याचा वकील, गोवंडीची नर्स आणि दहिसरचा इंजिनिअर एकाच उमेदवाराला मत देऊ शकतात. मला हे फार आवडतं.

या जागेचा इतिहास मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाच्या इतिहासाशी बांधलेला आहे. तीस वर्षांहून जास्त काळ ती शिवसेनेकडे राहिली. आधी गिरगावचे प्रमोद नवलकर. १९९५ च्या युती सरकारात ते सांस्कृतिक कार्य मंत्री होते, आमच्या वडिलांना त्यांचं फार कौतुक. मग डॉ. दीपक सावंत, जे २०१४ च्या सरकारात आरोग्यमंत्री झाले. २०१८ मध्ये पक्षाने सावंतांऐवजी विलास पोतनीसांना उभं केलं आणि ते निवडून आले. २०२४ ची निवडणूक ही शिवसेना फुटल्यानंतरची मुंबईतली पहिलीच पदवीधर निवडणूक होती. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडून अनिल परब, व्यवसायाने वकील आणि आधीचे परिवहन मंत्री. समोर भाजपचे किरण शेलार, पत्रकारितेतून आलेले. परबांना ४४ हजारांवर मतं पडली, शेलारांना १८ हजारांवर.

ही जागा दर वेळी शिवसेनेकडेच कशी जाते, असं मला ऑफिसात पुष्कळ जण विचारतात. उत्तर यादीत आहे. पदवीधरची यादी कायमची नसते. विधानसभेची यादी वर्षानुवर्षं चालत येते, तुम्ही काही केलं नाही तरी नाव तिथे असतं. पदवीधरची यादी दर निवडणुकीला कोऱ्या कागदावरून सुरू होते. मागच्या वेळी तुमचं नाव होतं, तुम्ही मत दिलं होतं, याचा पुढच्या वेळी काडीचाही उपयोग नाही. पुन्हा नमुना १८ भरायचा, पुन्हा पदवीचा पुरावा जोडायचा. म्हणजे जो पक्ष, जी संघटना लोकांकडून अर्ज भरून घेण्यात पुढे, ती निवडणुकीत अर्धी पुढे. शिवसेनेकडे त्यासाठी स्थानीय लोकाधिकार समित्या होत्या. बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या, तेल कंपन्या, जिथे जिथे मराठी पदवीधर कारकून आणि अधिकारी बसायचे, तिथे समितीचा माणूस असायचाच. मी स्वतः फोर्टमधल्या एका विमा ऑफिसात नोकरी करते. डब्याच्या सुट्टीत टेबलाटेबलांवर फॉर्म वाटले जाताना मी वीस वर्षं पाहते आहे.

त्यात वाईट काही नाही. कुणीतरी आठवण करतं म्हणून तर शंभरातली दहा माणसं जागची हलतात. पण माझं २०१८ चं मत त्याच टेबलावर हरवलं, ते सांगते.

२०१७ च्या पावसाळ्यानंतर ऑफिसातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी फॉर्म गोळा केले. भले माणूस, आजही आमचं बोलणं आहे. मी फॉर्म भरला, प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली, फोटो चिकटवला, सही केली. "ताई, तुम्ही निवांत राहा, तुमचं नाव आलंच समजा," असं ते म्हणाले आणि मी निवांत राहिले. २५ जून २०१८, सोमवार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी केंद्रावर गेले. तिथल्या कर्मचाऱ्याने माझ्या नावाने यादी तीनदा चाळली. माहेरच्या नावाने पाहिली, सासरच्या आडनावाने पाहिली. नाव नव्हतं. माझ्यामागे एक आजोबा रेनकोटमध्ये उभे होते, त्यांचं होतं. ते आत गेले आणि मी छत्री उघडून बाहेर पडले.

माझा अर्ज पोचलाच नाही की पोचून बाद झाला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. कळणार कसं? माझ्याकडे पोच नव्हती. पुढे नियम वाचले तेव्हा समजलं की पक्षांनी किंवा कुणी तिऱ्हाइताने गठ्ठ्याने आणून दिलेले अर्ज स्वीकारायचे नसतात. कार्यालयाचा प्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवू शकतो, एका घरातला एक जण घरच्यांचे देऊ शकतो, बाकी अर्ज ज्याचा त्याने द्यायचा. हा नियम मला पटतो. पण तो माझ्या ऑफिसातल्या चाळीस पदवीधरांपैकी एकालाही ठाऊक नव्हता आणि फॉर्म गोळा करणाऱ्यालाही नव्हता. नियम चांगला असून तो लोकांपर्यंत पोचत नसेल, तर सेवेचा गुण मी तिथे कापते.

दुसऱ्या वेळी मी ठरवलं, अर्ज माझ्या हातानेच जाईल. ३० सप्टेंबर २०२३ ला जाहीर सूचना निघाली. अर्जाची मुदत ६ नोव्हेंबरपर्यंत. अट अशी की १ नोव्हेंबर २०२३ च्या आधी किमान तीन वर्षं भारतातल्या विद्यापीठाची पदवी मिळालेली असावी आणि राहणं याच मतदारसंघातलं असावं. माझ्या नणंदेची मुलगी २०२१ ला पदवीधर झाली, ती यात बसली नाही. तिला फार वाईट वाटलं.

पुराव्यासाठी पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत लागते आणि मूळ कागद दाखवावा लागतो. आता मूळ कागद फ्रेममध्ये. रविवारी सकाळी मी आईकडे गेले. फ्रेम खाली उतरवली तर भिंतीवर फिकट हिरवा चौकोन उघडा पडला, आजूबाजूचा रंग उदबत्तीच्या धुराने काळवंडलेला. मागचा पुठ्ठा बारीक खिळ्यांनी ठोकलेला होता आणि बावीस वर्षांत ते खिळे गंजून लाकडात घट्ट बसले होते. भावाने पक्कडीने एकेक उपटला. कागद एका कडेला पिवळा पडला होता आणि वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटला होता. आई म्हणाली, "फाडू नकोस गं, तुझ्या बापाने सव्वाशे रुपये दिले होते त्या फ्रेमचे." मी ब्लेडने हळूहळू सोडवला. कोपऱ्याचा तिळाएवढा तुकडा काचेवरच राहिला, पण नाव, वर्ग, शिक्का सगळं शाबूत.

साक्षांकनासाठी ओळखीतल्या एका सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटांत सही-शिक्का दिला. ज्यांच्या ओळखीत राजपत्रित अधिकारी नाही, त्यांनी काय करावं, हा प्रश्न मला तिथेच पडला.

नोंदणी केंद्रावर पहिली फेरी वाया गेली. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "पदवीधरचं इथे नाही," आणि शेजारच्या इमारतीकडे बोट दाखवलं. शेजारच्या इमारतीत सांगितलं, "इथेच आहे, पण आज साहेब नाहीत." दुसऱ्या फेरीला साहेब होते. त्यांनी अर्ज हातात घेतला, वाचला आणि परत केला. पदवीवर माहेरचं नाव, मतदार ओळखपत्रावर सासरचं. दोन्ही बाई एकच कशावरून?

या जागी मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण नोंदणीची खरी अडचण ही आहे आणि ती फक्त बायकांची आहे. मुलगा पदवीला बसतो त्या नावाने मरेपर्यंत राहतो. मुलीचं पदवीनंतर दोन-चार वर्षांत लग्न होतं आणि वडिलांचं नाव, आडनाव, दोन्ही बदलतात. काही घरांत तर पहिलं नावही तांदळात लिहून बदलतात. मग पदवीच्या कागदावर एक बाई आणि रेशनकार्डावर दुसरी. हे जोडायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं किंवा नाव बदलल्याचं राजपत्र. माझ्याकडे विवाह प्रमाणपत्र पासपोर्टच्या वेळी काढलेलं होतं, म्हणून मी निभावले. आमच्या मजल्यावरच्या दोघींकडे नव्हतं. एक एम.ए. मराठी, एक बी.एस्सी. होम सायन्स. दोघींची लग्नं गावी झालेली, नोंदणी कुणी केलीच नव्हती. त्यांनी अर्ज घडी घालून कपाटात ठेवला आणि विषय संपवला. माझ्या नवऱ्याचंही नाव यादीत नाही, पण तो निव्वळ कंटाळा केला म्हणून. त्याने मनात आणलं असतं तर एका फेरीत काम झालं असतं. या दोघींनी मनात आणलं होतं.

तिसऱ्या फेरीला त्या टेबलावर एक शिक्षिका होत्या, निवडणुकीच्या कामावर शाळेतून आलेल्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी माझे कागद टेबलावर पत्त्यासारखे मांडले: मूळ पदवी, प्रत, विवाह प्रमाणपत्र, ओळखपत्र, वीजबिल. एकेका नावाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढत जुळवून पाहिलं. पदवीचा तुटका कोपरा बघून विचारलं, "हे काय झालं?" मी फ्रेमची गोष्ट सांगितली. त्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलून परत दिला, पुस्तक देतात तसा. म्हणाल्या, "ताई, पोच घेतल्याशिवाय इथून हलू नका. आणि २३ नोव्हेंबरला प्रारूप यादी लागेल, ती स्वतः बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका." पाच वर्षांपूर्वी मला हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर माझं मत वाचलं असतं.

मी यादी पाहिली. नाव होतं, वय ४३ ऐवजी ३४ पडलं होतं. मुदतीत दुरुस्तीचा अर्ज दिला आणि ३० डिसेंबरच्या अंतिम यादीत ते बरोबर आलं. अंतिम यादीनंतरही अर्ज घेणं बंद होत नाही, उमेदवारी अर्जांच्या सुमारापर्यंत पुरवणी यादी चालू राहते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि डिसेंबर उलटला की लोक हात टेकतात. शेवटी सगळ्या मुंबईतून नोंदणी झाली सव्वा लाखाच्या आत. लोकसभेला याच शहरात एक कोटीच्या आसपास मतदार. या दोन आकड्यांमधल्या दरीत किती पदवीधर पडले असतील, त्याचा विचार केला की माझ्या मजल्यावरच्या त्या दोघी मला दिसतात.

आता मतदान. आधी तारीख १० जून जाहीर झाली होती. शाळांच्या सुट्ट्या, शिक्षक गावाला गेलेले, त्यामुळे शिक्षकांकडून मागणी झाली आणि आयोगाने ती २६ जूनवर नेली. हा बदल मला फार योग्य वाटला. २६ जून म्हणजे शाहू महाराजांची जयंती, आणि २०२४ ला ती दीडशेवी. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणाऱ्या राजाच्या जन्मदिवशी मी माझ्या पदवीवर मत देणार होते. आमच्या घरी कोल्हापूरकडचे असल्यामुळे त्या दिवशी तसबिरीला हार असतोच. मी हार घालून निघाले.

बुधवार होता, सकाळपासून पावसाची भुरभुर. केंद्र परळमधल्या एका महापालिका शाळेत. महिन्याभरापूर्वी, २० मे ला, लोकसभेसाठी मी उन्हात दीड तास रांगेत उभी होते. त्या मानाने हा सुखाचा अनुभव होता. दाराशी छत्र्या ठेवायला बादली, पायपुसण्यासाठी पोतं, ज्येष्ठांसाठी वर्गातली बाकं व्हरांड्यात आणून ठेवलेली. माझ्यापुढे अकरा माणसं. एका डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप तसाच होता. दोन कॉलेजच्या मैत्रिणी कितीतरी वर्षांनी भेटल्यासारख्या बोलत होत्या. एक बाई यादीतला आपला क्रमांक तळहातावर लिहून आल्या होत्या. सरकारने नोकरदारांना विशेष नैमित्तिक रजा दिलेली असल्यामुळे कुणी घाईत नव्हतं.

आत यंत्र नाही. इथे अजून कागदाची मतपत्रिका आहे आणि लोखंडी मतपेटी. मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे निशाणी बघून ठसा मारायची सवय इथे चालत नाही, नाव वाचावं लागतं. नावासमोरच्या रकान्यात पसंतीचा क्रम आकड्यात लिहायचा. १ लिहिणं आवश्यक, पुढे २, ३ तुमच्या इच्छेवर. आकडा मराठी चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो, पण "एक" असं अक्षरात लिहिलं तर मत बाद. बरोबरची खूण केली तर बाद. १ दोन नावांसमोर लिहिला तर बाद. कुठे सही केली तर बाद. आणि स्वतःचं पेन वापरलं तरी बाद.

पेन तिथेच मिळतं. जांभळ्या शाईचं स्केचपेन, मुलांच्या चित्रकलेच्या पाकिटात असतं तसं. आडोशाच्या पुठ्ठ्याआड ते सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलं होतं. आत जाण्याआधी अधिकारी प्रत्येकाला सांगत होते, "खिशातलं पेन काढू नका, ठेवलेलंच वापरा, आकडाच लिहा." माझ्यापुढच्या आजींना ऐकू कमी येत होतं, त्यांना त्यांनी नमुन्याचा कागद दाखवून, बोट ठेवून समजावलं. कुठल्या नावाकडे बोट जाऊ नये म्हणून नमुना कोरा होता. इतकी काळजी मी कुठल्याच सरकारी टेबलावर पाहिली नव्हती.

मी स्केचपेन उचललं. टोक जरा पसरलं होतं, माझ्याआधी बऱ्याच जणांनी जोर देऊन लिहिलं असणार. मी मराठी १ काढला. पहिलीत शिकवतात तसा, वर गोल आणि खाली शेपूट. शाई ओली होती, घडी घातली तर समोरच्या रकान्यात उमटेल अशी भीती वाटली, म्हणून दहापर्यंत मोजलं, मग दुसऱ्या नावासमोर २ लिहिला, पुन्हा दहा मोजले आणि घडी घातली. पेटीच्या फटीत कागद अर्धा आत गेला आणि अडकला. अधिकाऱ्यांनी स्वतः हात लावला नाही. "तुम्हीच ढकला ताई," म्हणाले. मी बोटाने ढकलला आणि तो आत पडल्याचा आवाज ऐकू आला. यंत्राचा लांब बीप आपण ऐकतो, पण कागद कागदांवर पडल्याचा तो आवाज वेगळाच. एकोणीस वर्षांचा माझा मुलगा बाहेर थांबला होता. त्याने मतपेटी आयुष्यात पाहिली नव्हती, दारातून वाकून पाहत होता.

मोजणी १ जुलैला नवी मुंबईत नेरुळला झाली. ती समजून घ्यायला मला एक संध्याकाळ लागली. एकच जागा असल्यामुळे वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा. पहिल्या पसंतीत कुणी तिथे पोचला तर काम संपलं. नाही पोचला तर सगळ्यात तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरचा २ ज्याच्या नावासमोर असेल त्याच्याकडे ती मतं जातात. असं करत करत वर यायचं. मुंबईत या वेळी पहिल्या पसंतीतच निकाल लागला, माझा २ कुणी पाहिला नाही. पण अमरावती पदवीधरची २०२३ ची मोजणी अशीच एकेक उमेदवार बाद करत दुसऱ्या दिवसापर्यंत चालली होती. २ लिहिणं वाया जात नाही, म्हणून लिहा. मतदार सगळे पदवीधर असूनही मुंबईत तीन हजारांच्या वर मतं बाद झाली, हे वाचून मात्र मी सुन्न झाले. माझ्या त्या दोघी शेजारणींना जे मत मिळालं नाही, ते कुणीतरी बरोबरची खूण करून घालवलं.

सप्टेंबरमध्ये बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज फिरला, "पदवीधरची निवडणूक पुन्हा आहे, नाव तपासा." तो मुंबई विद्यापीठाच्या सिनेटचा, म्हणजे अधिसभेचा होता. ती निवडणूक पूर्ण वेगळी. विद्यापीठाकडे नोंदणी केलेले पदवीधर सिनेटवर आपले दहा प्रतिनिधी निवडून देतात, त्याची यादी वेगळी, अर्ज वेगळा. २४ सप्टेंबर २०२४ ला मतदान झालं आणि दहाही जागा युवासेनेने, म्हणजे ठाकरे यांच्या पक्षाच्या युवक संघटनेने जिंकल्या. 'नमुना १८' भरला म्हणून तिथे नाव येत नाही आणि तिथे नाव आहे म्हणून इथे येत नाही. दोन्हींत गल्लत करून दोन्ही गमावलेले लोक मला माहीत आहेत.

एक गोष्ट या सेवेच्या कुठल्याच टेबलावर सुटणारी नाही. मत देऊन मी तशीच आईकडे गेले. बोटाची शाई बघून तिने विचारलं, "मला का नाही बोलावलं?" आई चौथी पास. लोकसभा, विधानसभा, महापालिका, एकही मतदान तिने चुकवलेलं नाही. पाय दुखत असताना मे महिन्यात ती माझ्याबरोबर रांगेत होती. मी सांगितलं की हे फक्त पदवीधरांसाठी असतं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग तुझ्या फीचे पैसे मी भरले ते?" तिने पाच घरची धुणीभांडी करून माझी कॉलेजची फी भरली आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. संविधानात तरतूद आहे, शिकलेल्यांचा, शिक्षकांचा आवाज वरच्या सभागृहात असावा हा हेतू मला कळतो. तरी त्या खोलीत, त्या रिकाम्या भिंतीसमोर, मला ती तरतूद तिला वाचून दाखवता आली नाही.

कुणाला ही सेवा घ्यायची असेल तर घ्याच. अर्ज कुणाच्या हाती देऊ नका, स्वतः जा, पोच घ्या, प्रारूप यादी डोळ्याने बघा. लग्न झालेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा कागद आत्ताच काढून ठेवा, त्याला निवडणूक लागत नाही. आमच्या मजल्यावरच्या एम.ए. मराठीवाल्या वहिनींचा अर्ज मी गेल्या महिन्यात वॉर्ड ऑफिसात त्यांच्यासोबत जाऊन दिला, लग्नाची पत्रिका आणि साक्षीदार त्यांनी गावाहून आणवले. दुसऱ्या वहिनी दिवाळीनंतर म्हणाल्या आहेत. आताच्या सदस्यांची मुदत २०३० पर्यंत, म्हणजे यादी पुन्हा कोरी होईल तेव्हा दोघींचे कागद तयार असतील.

माझी पदवी आईने परत फ्रेममध्ये घालून घेतली. मी तिला झेरॉक्स लाव म्हटलं, तिने ऐकलं नाही. भावाने या वेळी खिळे न ठोकता मागे फिरत्या पट्ट्या बसवल्या आहेत, हाताने उघडता येतील अशा.